आडव्या चिकटलेल्या अकरा काड्या

कुणाच्याही घरी गेली की ती आधी टेबलाची कड बघायची. मग बसायची.

गळ्यात भिंग असायचं. माळ कधी दिसली नाही.

पेन्सिलीला टोक पात्यानेच काढायची. यंत्रातून निघालेलं टोक तिला बोथट वाटायचं.

"सिद्ध झालं" असं तिच्या तोंडून कुणी ऐकलं नाही. "जुळलं" म्हणायची. नाही जुळलं तर नुसतं "हं".

राग आला की बोलायची नाही, लाकूड घासायला घ्यायची. आज बाईंकडे जावं की नको, हे प्रयोगशाळेतले लोक पॉलिश पेपरच्या आवाजावरून ठरवायचे.

समोरच्याचं बोलणं संपलं तरी ती जरा थांबायची. त्या शांततेला घाबरून माणूस नको तेही बोलून जायचा.

साठी उलटली तरी घरात ती धाकटीच राहिली. थोरली ती ताई, आणि ही धाकटी. दारावर नावाची पाटी होती, नावामागे पदवी होती. पण एकदा ताईचा फोन सगळ्यांसमोर चुकून स्पीकरवर लागला. "धाकटे, डबा विसरलीस, वेंधळी कुठली!" त्या दिवसापासून शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी 'धाकट्या बाई' बसलं ते बसलंच.

तिचं काम सांगायला सोपं, करायला जिकिरीचं. डोंगरावर एक उंची अशी येते की तिच्यापुढे झाड उगवत नाही. त्या सीमेवरचे पाइन थंडीशी झगडत जगतात. उन्हाळा उबदार गेला तर खोडात रुंद वलय धरतं. गारठ्यात गेला तर केसाएवढं. थर्मामीटर नव्हते त्या काळातले उन्हाळे त्या वलयांत शिल्लक असतात. धाकटी पोकळ गिरमिटाने खोडातून पेन्सिलीएवढी काडी काढायची. लाकडी पट्टीच्या खाचेत ती सरसाने चिकटवायची, घासून गुळगुळीत करायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली वाचायची. मग एका झाडाची अरुंद वर्षं दुसऱ्याच्या अरुंद वर्षांशी जुळवायची. जिवंत झाडाशी मेलेलं, मेलेल्याशी त्याच्याही आधीचं. अशी साखळी तिने सहाशे वर्षं मागे नेली होती. अर्धं आयुष्य त्यात गेलं.

या साखळीवरून काढलेला तापमानाचा आलेख आपल्या काळात येऊन जो चढत होता, तेवढा सहाशे वर्षांत कधी चढला नव्हता.

जगभरातल्या अशा साखळ्या एकत्र करणारं एक मंडळ होतं. कुणी झाडं पाठवायचं, कुणी प्रवाळ, कुणी बर्फ, कुणी तळ्याचा गाळ. सगळ्यांतून मिळून पृथ्वीच्या जुन्या तापमानाचा एकच मोठा आलेख निघायचा. त्यात धाकटीच्या डोंगराची जागा रिकामी होती. या वर्षी ती भरणार होती.

तेवढ्यात भाऊजींनी लेख लिहिला.

भाऊजी म्हणजे ताईचे यजमान. पुलांचे इंजिनिअर, आता निवृत्त. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांनी बांधलेल्या पुलांतल्या भेगा शोधल्या. पूल सुटले, सवय सुटली नाही. रविवारच्या पेपरात ते लिहायचे आणि लोक मिटक्या मारत वाचायचे. हवामानबदलाच्या गोष्टींवर त्यांचा विश्वास नव्हता. या लेखाला त्यांनी नाव दिलं होतं 'बाद झालेली झाडं'. मेहुणीचा उल्लेख कुठेही नव्हता. पण कळायचं ते सगळ्यांना कळलं.

मुद्दा एकच, पण वर्मी लागणारा. धाकटीच्या तक्त्यात वरच्या कड्यावरची अकरा झाडं होती. त्यांच्यापुढे एकच शब्द होता: बाद. का बाद, ते लिहिलेलं नव्हतं. "गरमी वाढल्याचं सांगणारी झाडं ठेवली आणि न सांगणारी हाकलली, असं घडलं नाही हे मी कशावरून मानू?" भाऊजींनी विचारलं होतं. "पुलाचे अकरा खांब मी अहवालातून गाळले असते, तर मला कुणी पेन्शन दिली नसती."

लेखाचं भाषांतर फिरत फिरत मंडळापर्यंत पोचलं. मंडळाने सभ्य भाषेत कळवलं: अकरा झाडांचा समाधानकारक खुलासा मिळेपर्यंत आपली साखळी बाजूला ठेवत आहोत. वसंतात आलेखात नवी भर घेणं बंद होईल.

धाकटीने ते वाचलं आणि ती घासायला बसली.

ती अकरा झाडं तिला आठवत होती. त्यांच्या रेघा पुसट होत्या. मोजणी कशाशीच जुळेना, म्हणून बाद. लपवण्यासारखं काही नव्हतं. पण हे ती आता सांगणार, आणि लोक म्हणणार, आता बरं सुचलं.

त्या रविवारी ताईने तिला जेवायला बोलावलं. ताईने धाकटीला आग्रह करकरून वाढलं. नवऱ्यापुढे मात्र भांडंच सरकवलं.

"तुम्ही घ्या हाताने. नाहीतर म्हणाल, मी निवडून निवडून वाढलं."

"अगं, मी आरोप कुठे केलाय? प्रश्न विचारलाय."

"प्रश्न घरी विचारायचा होता. ती दोन गल्ल्या पलीकडे राहते. तिच्या दारात जायला तुम्हाला गावभर पेपर वाटावा लागला."

भाऊजी धाकटीकडे वळले. "मेहुणीबाई, तूच सांग. प्रश्न चुकीचा आहे का?"

धाकटी थांबली. भाऊजींना ती शांतता कधीच सोसायची नाही.

"म्हणजे तू खोटी आहेस असं मला म्हणायचं नाही. पण माणूस स्वतःच्याही नकळत..."

"प्रश्न बरोबर आहे," धाकटी म्हणाली.

ताईचा वाढता हात थबकला.

"मी उत्तर दिलं तर पटेल तुम्हाला?"

"खरं सांगू? नाही."

"मग तुम्हीच द्या. उद्यापासून प्रयोगशाळेत या. अकराही काड्या तुमच्यापुढे ठेवते, वर्षं झाकून. वाचा."

"मला काय कळतं त्यातलं?"

"भेगा दिसतात ना? बाकीचं शिकवते."

"आणि ती झाडं तुझ्या उलट बोलली तर?"

"तर उलट छापू. माझ्या नावाने."

"साखळी जाईल तुझी."

"जाईल."

ताईने कपाळाला हात लावला. "झालं! म्हणजे आता घरीसुद्धा लाकडंच."

धाकटी घरी निघाली. बोलून तर बसली होती. पण ती अकरा झाडं काय सांगतात, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

भाऊजी आले ते स्वतःचा दिवा घेऊन. पुलाखाली वापरायचा जुना, लांब मुठीचा. "तुझ्या दिव्यावर माझा भरवसा नाही," ते म्हणाले. धाकटीने त्यांना खिडकीजवळची खुर्ची दिली. खोली अरुंद होती. भिंतभर पट्ट्यांचे खण, जमिनीवर लाकडाचा भुसा, मधोमध एक लांबलचक टेबल. तिने आधी चांगल्या काड्या दिल्या, हात बसायला.

"हे वलय धरू की सोडू?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटून काय उपयोग! काय आहे ते सांग ना."

"बघा. हेच मी तीस वर्षं स्वतःला विचारतेय."

भाऊजी हळू होते, पण चिवट. शब्दाशब्दाचा कीस पाडायचे. तरुण झाड जास्त वाढणारच, मग ती रुंदी उन्हाच्या नावावर कशी घालता? वयाची वाढ आधी वजा करतो, ती म्हणाली. कशी? तिने करून दाखवलं. त्यांनी दुसऱ्या पद्धतीने करून पाहिलं. उत्तर तेच आलं. त्यांनी मान हलवली, पण होकाराची नव्हे. थोड्याच दिवसांत शिपाई चहाचा दुसरा कप न सांगता आणू लागला.

मग अकरा काड्यांची पाळी आली. आणि गाडं अडलं.

भाऊजी एक काडी तीनदा मोजायचे आणि तीन उत्तरं यायची. चष्मे बदलले, खुर्ची बदलली. शेवटी वैतागून त्यांनी दिवा उचलला आणि पट्ट्यांवर अगदी आडवा धरला. पुलावरची बारीक भेग ते अशीच पकडायचे. सरळ उजेडात न दिसणारं तिरक्या उजेडात उठून दिसतं.

"धाकटे, जरा ये इकडे."

ती आली.

"या अकराच चकाकतायत. बाकीच्या बघ, मंद आहेत. लाकूड एकाच जातीचं ना? मग पॉलिश वेगळं केलं होतंस का?"

धाकटीने भिंग डोळ्याला लावलं. वाकली. वाकलेलीच राहिली.

पेन्सिलींचा जुडगा समोरून पाहिला तर प्रत्येक पेन्सिलीचं टोक वेगळं दिसतं. बाजूने पाहिला तर नुसत्या चकचकीत दांड्या. लाकडाचे तंतू असेच असतात. काडी खाचेत बसवताना तंतू उभे राहिले पाहिजेत, म्हणजे घासल्यावर त्यांची तोंडं वर येतात आणि वलय स्वच्छ दिसतं. काडी पाव वेढा फिरली की तंतू आडवे पडतात. लाकूड रेशमासारखं चकाकतं, रेघा पुसट होतात आणि बारीक वलयं पार बुडतात.

या अकरा काड्या आडव्या चिकटल्या होत्या.

पट्ट्यांवरचं अक्षर तिचंच होतं. तिला तो उन्हाळा आठवला. कड्यावर अवेळी बर्फ आलं होतं, तळ हलवायची घाई होती. गारठलेल्या बोटांनी तिने ओल्या काड्या तंबूतच चिकटवल्या होत्या.

"काय झालं?" भाऊजींनी विचारलं.

"झाडं बरोबर होती. मी त्यांना आडवी वाचत होते."

भाऊजींना आयुष्यात एवढी मोठी भेग कधी सापडली नव्हती. ते हसतील असं तिला वाटलं. ते हसले नाहीत. त्यांनी दिवा खाली ठेवला.

"सुटतील का?"

"सरस आहे. वाफेने सुटेल."

बाकीच्या प्रयोगशाळांनी सरस कधीच सोडला होता. बाजारात एकदा धरलं की न सोडणारे गोंद आले होते. धाकटीच्या गुरुजींनी मात्र तिला बजावलं होतं, आपण चुकणारच नाही अशी ज्याची खात्री असेल त्याने कायमचं चिकटवावं.

चहाची किटली प्रयोगशाळेत आली. भाऊजी दिवा धरायचे, धाकटी वाफेवर पट्टी धरायची. सरस मऊ झाला की चिमट्याने काडी पाव वेढा फिरवायची. चौथी काडी मधोमध तुटली. भाऊजींच्या तोंडून "अरेरे!" असं निघालं की जणू त्यांचंच काही मोडलं. तुकडा तुकड्याला नीट बसला. मग वाळवणं, मग घासणं. खरबरीत कागद, मग बारीक, मग त्याहून बारीक. खोलीत पॉलिश पेपरचा आवाज दिवसभर चालायचा आणि या वेळी त्याला कुणी घाबरत नव्हतं.

रेघा वर आल्या. आधी जिथे काहीच नव्हतं, तिथे केसासारखी वलयं उभी राहिली.

वाचायची ती भाऊजींनीच. प्रत्येक झाडासाठी ते कागदाची लांब पट्टी करायचे. अरुंद वलय आलं की उभी रेघ. जितकं अरुंद, तितकी रेघ उंच. कुठली रेघ कुठल्या वर्षाची, हे त्यांना माहीत नव्हतं. मग धाकटीने लांब टेबलावर साखळीची पट्टी पसरली आणि तिच्याखाली भाऊजींची पहिली पट्टी ठेवली.

"सरकवा."

भाऊजींनी सरकवली. इथे दोन रेघा जुळल्या, पुढच्या चुकल्या. आणखी सरकवली. नाही.

"हं," धाकटी म्हणाली.

भाऊजींचा चेहरा पडला. याच क्षणासाठी त्यांनी लेख लिहिला होता. तरीही पडला. धाकटीला ते दिसलं आणि का कोण जाणे, तिची भीती तिथेच ओसरली.

"थांबू नका. अजून सरकवा."

पट्टी बोटभर सरकली. आणि वरच्या-खालच्या रेघा समोरासमोर आल्या. एक, दुसरी, मग ओळीने सगळ्या. जुन्या काळातले ते तीन लागोपाठचे गारठलेले उन्हाळे, पुढे एकटा एक उंच सुळका, मग पुन्हा दोन. एकही रेघ जागा सोडून नव्हती.

भाऊजींनी वर पाहिलं. "हे... हे मी मोजलंय."

"तुम्हीच."

"मला एकही वर्ष माहीत नव्हतं."

"नव्हतं."

"जुळलं," भाऊजी म्हणाले. हा शब्द त्या खोलीत पहिल्यांदाच तिच्याऐवजी दुसऱ्या कुणी उच्चारला.

अकराही जुळली. शेवटच्या पट्टीला भाऊजी उभे राहून टाळ्या वाजवत होते.

पण जुळलं म्हणजे फक्त वर्षं कळली. ऊब किती होती, ते बाकी होतं. खोऱ्यातल्या वेधशाळेत शंभरेक वर्षांच्या थर्मामीटरच्या नोंदी होत्या. धाकटीने त्यातली अर्धी वर्षं वापरून झाडांची भाषा बसवली, म्हणजे किती रुंद वलयाला किती तापमान ते ठरवलं, उरलेली अर्धी पुठ्ठ्याने झाकली. झाकलेल्या वर्षांचं तापमान फक्त या अकरा झाडांना विचारायचं. झाडांनी दिलेली रेघ कागदावर काढून झाली.

"पुठ्ठा तुम्ही काढा," ती म्हणाली.

साखळी टिकणार की जाणार, ते त्या पुठ्ठ्याखाली होतं. भाऊजींनी हात पँटला पुसले. पुठ्ठा काढला.

दोन रेघा. एक थर्मामीटरची, एक झाडांची. एक वर चढली की दुसरी चढत होती, एक घसरली की दुसरी घसरत होती. हातात हात घालून चाललेल्या दोन बहिणींसारख्या त्या कागदभर गेल्या. कुठे बोटभर मागे, कुठे पुढे, पण हात कुठे सुटला नाही. आणि शेवटी, आपल्या काळात, दोन्ही चढल्या. अकरा झाडं पूर्ण साखळीत घालून धाकटीने सहाशे वर्षांचा आलेख पुन्हा काढला. शेवटचं टोक खाली आलं नाही. उलट केसभर वर गेलं.

भाऊजींनी त्या टोकावर बोट ठेवलं.

"म्हणजे मी बाद झालेली झाडं आत घ्यायला लावली," ते म्हणाले, "आणि ती तुझ्याच बाजूने बोलली."

"कुणाच्या बाजूने नाही. त्यांचं त्यांनी सांगितलं."

"तुझ्या बहिणीला फोन लाव. आज तरी मला वाढ म्हणावं."

पेपरवाल्यांनी तोवर जाहीर चर्चा ठरवून टाकली होती. सभागृह खचाखच भरलं. मेहुणी आणि भाऊजींची जुंपणार, ही मजा कोण सोडतो? धाकटी आधी बोलली. पहिल्याच वाक्यात तिने स्वतःची चूक सांगितली: काड्या आडव्या चिकटवल्या होत्या, मी चिकटवल्या होत्या. मग भाऊजी उठले. त्यांनी दोन पट्ट्या पडद्यावर दाखवल्या.

"शंका मी काढली होती. मोजलंही मीच. झाडं खरं बोलतात."

मागच्या रांगेतून त्यांचाच एक वाचक ओरडला, "साहेब, घरच्यांपुढे नमलात!"

"घरच्यांपुढे नमायचं असतं तर लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच नमलो असतो. हिची बहीण पुढे बसलीय, विचारा."

"अजून नमलेले नाहीत," ताई जागेवरूनच म्हणाली. सभागृह हसून हसून लोटपोट झालं.

भाऊजींनी हशा ओसरू दिला. "तुम्हाला पटत नसेल तर खिडकीजवळची खुर्ची रिकामी आहे. दिवा माझा घेऊन जा. वर्षं झाकून मिळतील."

टाळ्यांनी छप्पर उडायचंच बाकी राहिलं. धाकटीने मान खाली घातली होती. ताईने तिचा हात धरला.

मंडळाने साखळी घेतली. मोठ्या आलेखात तिच्या डोंगराची रिकामी जागा भरली. तक्त्यात 'बाद' या शब्दाच्या जागी आता सात ओळींचा खुलासा आहे, आणि त्याखाली दोन नावं आहेत. मंडळाने सगळ्या प्रयोगशाळांना कळवलं, आपल्या नाकारलेल्या काड्या एकदा तिरक्या उजेडात बघा. दोन ठिकाणी आडव्या काड्या सापडल्या. तिकडचे लोक त्या तपासणीला 'भाऊजींचा दिवा' म्हणू लागले. हा शब्द त्यांच्या तोंडून कसा निघत असेल, यावर ताई आठवडाभर हसत होती.

भाऊजी मात्र भाऊजीच. महिन्याभरात नवी भेग घेऊन हजर.

"सहाशे वर्षं ठीक. पण त्याच्याही आधी एक उबदार काळ होऊन गेला म्हणतात. तो आजच्याहून गरम नव्हता कशावरून? तुझी साखळी तिथवर पोचतच नाही."

"नाही पोचत," धाकटी म्हणाली. "प्रश्न बरोबर आहे."

डोंगरातल्या तळ्याच्या तळाशी जुने ओंडके रुतलेले होते. थंड पाण्यात लाकूड कुजत नाही. तिने ते काढवून आणले. पहिल्या ओंडक्याची पट्टी दोघांनी मिळून केली. ती साखळीच्या मागच्या टोकाखाली सरकवली, तर थोड्या रेघा जुळल्या. थोड्याच. एवढ्यावर जुळलं म्हणायला धाकटी तयार होईना. मधला दुवा हवा होता. दुसरा ओंडका तो असेल असं तिला वाटत होतं. तिने तो घासायला घेतला, बाहेरच्या सालीकडून आत.

एका सकाळी ती आलीच नाही. ताईने दार उघडलं, तेव्हा ती झोपेतच गेलेली होती.

ओंडका लांब टेबलावर ओल्या गोणपाटात गुंडाळलेला आहे. एकदम वाळला तर तडकेल. बाहेरची वलयं घासून स्वच्छ झाली आहेत. आतली अजून दिसत नाहीत. भाऊजी सकाळी येतात, गोणपाटावर पाणी शिंपडतात, दिवा लावून बघतात. पॉलिश पेपर अजून हातात घेतलेला नाही.